खिडकीकडे झुकलेली मेथी आणि घटातलं पिवळं धान

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं, की उजेड हा रोपाचं जेवण तर आहेच पण त्याआधी ती रोपासाठी एक बातमी आहे आणि ही बातमी पेशीभर पोचवायचं काम कायनेज नावाची प्रोटीन्स करतात. एवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. काही पत्रांमध्ये एकच गोष्ट विचारली होती, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : मॅडम, आमचा ठाण्यात फ्लॅट आहे, ऊन फक्त एका खिडकीतून येतं. तिथे ट्रेमध्ये मेथी लावली की चार दिवसांत सगळीच्या सगळी बाहेरच्या बाजूला मान काढून उभी राहते. सासूबाई म्हणतात सूर्य ओढून घेतो. खरंच उजेड ओढतो का? आणि ट्रे फिरवत राहावा का?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर : ताई, ट्रे जरूर फिरवा, रोज अर्धा फेरा दिला तरी पुरे. पण उजेड ओढत नाही हो. होतं असं की देठाची जी बाजू खोलीकडे म्हणजे अंधाराकडे असते ती जास्त वाढते आणि खिडकीकडची बाजू कमी वाढते, एक बाजू लांब झाली आणि दुसरी आखूड राहिली की देठ आखूड बाजूकडे वाकणारच, दुसरं काही शक्यच नाही. म्हणजे तुमच्या मेथीला कोणी ओढलेलं नाही, तिने स्वतःच मोजून मापून एका बाजूला जास्त वाढ केली आहे.

आता प्रश्न असा की तिला कळलं कसं, कुठली बाजू उजेडाची. यावर चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी प्रयोग केले होते आणि १८८० साली ते छापले. कॅनरी पक्ष्यांना ज्याचे दाणे घालतात त्या गवताचे कोवळे कोंब घेतले, काहींच्या टोकाला उजेड जाणार नाही अशी छोटी टोपी घातली, तर ते कोंब वाकलेच नाहीत. उलट काही कोंब बारीक काळ्या वाळूत असे पुरले की फक्त टोक बाहेर राहील, ते मात्र वाकले, आणि वाकले ते वाळूच्या आतल्या भागात. म्हणजे बघतं टोक आणि वाकतो खालचा भाग, मध्ये काहीतरी निरोप जातोय. मला हा प्रयोग फार आवडतो, टोपी आणि वाळू एवढ्याच सामानात केवढा मोठा प्रश्न उभा केला.

तो निरोप म्हणजे ऑक्झिन. हॉलंडमध्ये उट्रेक्टला फ्रिट्स वेंट यांनी १९२६ साली ओटच्या कोंबांची टोकं कापून अगारच्या तुकड्यावर ठेवली, अगार म्हणजे आपण पुडिंगला चायना ग्रास वापरतो तेच, आणि मग टोकं काढून टाकून तो नुसता तुकडा बिनटोकाच्या कोंबावर एका बाजूला ठेवला तर कोंब अंधारातसुद्धा वाकला. तुकड्यात काहीतरी उतरलं होतं ज्याने वाढ होते, आणि उजेड एका बाजूने आला की हे ऑक्झिन अंधाराच्या बाजूला जास्त जमतं.

पण टोकातला "डोळा" कोणता, हे कळायला पुढची सत्तर वर्षं गेली. एवढं माहीत होतं की लाल उजेडात रोप वाकत नाही, निळ्यात वाकतं, म्हणजे निळा उजेड पकडणारं काहीतरी असणार. १९८८ साली कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या आवारातल्या कार्नेगी संस्थेत विन्स्लो ब्रिग्ज यांच्या लॅबमध्ये वाटाण्याच्या कोंबांवर काम करताना दिसलं की निळा उजेड पडला की पेशीच्या आवरणातल्या एका मोठ्या प्रोटीनवर पटकन फॉस्फेट चिकटतं. हाच पहिला धागा. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, अमेरिकेत मिशिगनला जितेंद्र खुराना आणि केनेथ पॉफ यांनी अ‍ॅरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या छोट्याशा रोपाचे असे वाण शोधून काढले जे उजेडाकडे नीट वाकत नाहीत, त्यातल्या जेके-२२४ नावाच्या वाणाला वाकायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निळा उजेड लागायचा. हेच खुराना पुढे दिल्ली विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसवर आयुष्यभर गहू-तांदळाच्या जीन्सवर काम करत राहिले, आपल्या पुस्तकांत त्यांचं नाव यायला हवं तेवढं येत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. जेके-२२४ मध्ये बिघडलेला जीन आणि ब्रिग्ज यांच्या लॅबने नंतर शोधलेल्या न वाकणाऱ्या रोपांमधला जीन एकच निघाला. १९९७ मध्ये तो जीन वाचला गेला आणि कळलं की हा डोळा स्वतःच एक कायनेज आहे, म्हणजे प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवणारं प्रोटीन. त्याला आता फोटोट्रॉपिन म्हणतात.

प्रश्न : मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. कायनेजची व्याख्या पाठ आहे, "एटीपीवरचा फॉस्फेट गट प्रोटीनवर नेणारं एन्झाइम", पण ते पाठ करून डोळ्यासमोर काहीच येत नाही. एवढासा फॉस्फेट चिकटवल्याने वाढ कशी बदलेल?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुझा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण व्याख्या येते पण दिसत काही नाही हे मान्य करायला हिंमत लागते.

असं बघ. एटीपी म्हणजे पेशीचा ऊर्जा साठवणारा रेणू, फॉस्फेट येतं ते त्याच्यावरून. आणि प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, पण ती माळ सरळ नसते, गुंडाळून तिची एक घडी बसलेली असते आणि प्रोटीनचं काम त्या घडीवर ठरतं. ही घडी टिकते ती बारीक बारीक ओढाताणीवर, कुठे अधिक भार कुठे उणा भार. आता त्या माळेतल्या एखाद्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीनवर फॉस्फेट आणून लावलं तर तिथे एकदम दोन उणे भार येऊन बसतात. शेजारचं काही दूर ढकललं जातं, काही जवळ ओढलं जातं, घडी हलते. बंद असलेलं तोंड उघडतं किंवा उघडं बंद होतं, नाहीतर दुसऱ्या एखाद्या प्रोटीनला पकडायला जागा तयार होते. आणि हे परत फिरवता येतं, फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फेटेज नावाची वेगळी एन्झाइम असतात. नवीन प्रोटीन बनवायचं तर जीन वाचा, आरएनए बनवा, माळ ओवा, यात बराच वेळ जातो, आणि फॉस्फेट लावायला क्षणभर पुरतो. ज्याला उभ्या जागी राहून बदलत्या उजेडाला उत्तर द्यायचं आहे त्याला अशीच पद्धत लागणार.

हे प्रकरण आधी प्राण्यांत सापडलं. सिअ‍ॅटलला एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५०च्या दशकात स्नायूंमधलं ग्लायकोजेन फोडणारं एन्झाइम फॉस्फेट लावून चालू आणि काढून बंद होतं हे दाखवलं, त्याबद्दल त्यांना १९९२चं नोबेल मिळालं. माणसात अशी कायनेज पाचशेच्या थोडी वर आहेत. आणि ते वीतभर अ‍ॅरॅबिडॉप्सिस, त्याच्यात साधारण हजार! त्यातली सहाशेच्या वर तर पेशीच्या दारात उभी राहून बाहेरची चाहूल घेणारी आहेत. माझं मत विचारशील तर यात नवल नाही, आपल्याला ऊन लागलं की आपण सावलीत जातो, रोपाला जाता येत नाही, त्यामुळे आपण पायांनी जे करतो ते त्याला केमिस्ट्रीने करावं लागतं.

आता फोटोट्रॉपिनची गंमत ऐक. या प्रोटीनच्या एका टोकाला दोन खोबणी आहेत, त्यांना लव्ह डोमेन म्हणतात, प्रेमाचा संबंध नाही, लाइट, ऑक्सिजन, व्होल्टेज या तीन शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून नाव पडलंय कारण अशीच घडी या तीन गोष्टी ओळखणाऱ्या वेगवेगळ्या प्रोटीन्समध्ये सापडते. प्रत्येक खोबणीत एक पिवळा रेणू बसलेला असतो, एफएमएन, तो बनतो रायबोफ्लेविनपासून म्हणजे आपल्या बी-२ व्हिटॅमिनपासून. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळी होते ना, तोच पिवळा. पिवळी वस्तू निळा उजेड शोषते म्हणून तर ती पिवळी दिसते, तेव्हा निळा पकडायला हाच रेणू का हे आपोआप कळतं. दुसऱ्या टोकाला असतो कायनेजचा भाग. अंधारात लव्हचा भाग कायनेजला दाबून धरतो. निळा उजेड आला की खोबणीतल्या सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचा त्या पिवळ्या रेणूशी थेट बंध जुळतो, याला सेकंदाचा अगदी बारीक अंश पुरतो, त्या झटक्याने शेजारची एक पिळाची दोरी सुटते आणि कायनेज मोकळं होतं. मोकळं झाल्यावर पहिल्यांदा ते स्वतःलाच फॉस्फेट लावून घेतं, ब्रिग्ज यांच्या लॅबला १९८८ साली दिसलं ते हेच. अंधार केला की बंध आपसूक सुटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं. म्हणजे बघणारं आणि हलवणारं एकाच प्रोटीनमध्ये! आपल्यात डोळा वेगळा, नस वेगळी, मेंदू वेगळा, स्नायू वेगळा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीतल्या कुंडीकडे बघत बसले होते.

पुढची साखळी तुला परीक्षेला पण लागेल. मोकळं झालेलं फोटोट्रॉपिन एनपीएच-३ नावाच्या जोडीदारावर फॉस्फेट लावतं तेव्हा तो आवरणापासून सुटतो, हा जोडीदार नसेल तर रोप वाकत नाही. मग ऑक्झिनच्या वाहतुकीत फरक पडतो. ऑक्झिन पेशीबाहेर सोडणारे पिन नावाचे दरवाजे असतात, त्यांना चालू ठेवायलासुद्धा फॉस्फेट लागतं आणि ते लावणारं कायनेज वेगळं, डी-६ प्रोटीन कायनेज. ही डी-६ कुळातली कायनेज काढून टाकली तर रोप उजेडाकडे नीट वाकत नाही. आणि ऑक्झिन अंधाराच्या बाजूला जमलं की काय करतं? तिथल्या पेशींच्या आवरणावर प्रोटॉन बाहेर फेकणारे पंप असतात, ऑक्झिन आलं की टीएमके नावाचं आणखी एक कायनेज त्या पंपाच्या शेपटाकडच्या थ्रिओनीनवर फॉस्फेट लावतं, पंप जोरात चालतो, पेशीभिंतीत आंबटपणा वाढतो, त्या आंबटपणात भिंत सैल करणारी प्रोटीन्स कामाला लागतात आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी लांब होते. बघ, उजेडापासून लांब झालेल्या पेशीपर्यंत किती ठिकाणी फॉस्फेट आलं! हा रस्ता एकदा कागदावर बाण काढून उतरव, मग व्याख्या पाठ करायची गरजच उरणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे नवरात्रात घट देवघरात बसतो, तिथे उजेड जवळजवळ नाहीच, धान पिवळंधमक आणि लांब लांब येतं. जावेकडे घट पडवीत असतो तिचं धान हिरवं पण बुटकं. ती म्हणते तुमचं धान आजारी. खरं काय?
— एक आजी, सातारा जिल्हा

उत्तर : आजी, तुमचं धान अजिबात आजारी नाही. ते त्या वयाच्या रोपाने अंधारात जे करायचं तेच अगदी हुशारीने करतंय. दाणा मातीखाली रुजतो तेव्हा त्याच्याजवळ शिदोरी मोजकी असते. अंधार आहे म्हणजे आपण अजून मातीतच आहोत असं तो कोंब धरून चालतो, मग पानं पसरायची नाहीत, हिरवा रंग बनवायचा नाही, सगळी शिदोरी उंच व्हायला लावायची आणि लवकरात लवकर वर उजेडात पोचायचं. तुमच्या देवघरात वर माती नाही, नुसता अंधार आहे, ते त्या बिचाऱ्याला काय माहीत, ते उंच उंच जात राहतं. हिरवा रंग बनवायची शेवटची पायरीच गव्हा-ज्वारीत उजेडाशिवाय होत नाही म्हणून ते पिवळं. दसऱ्याला टोपीत खोवायच्या आधी थोडं धान उन्हात ठेवून बघा, काही तासांत हिरवटपणा चढायला लागेल.

यात काम करतो तो डोळा वेगळा, फायटोक्रोम. तो तांबडा उजेड ओळखतो. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला सरकारी शेती संशोधन केंद्रात १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर तांबडा आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा, गडद तांबडा असे दोन उजेड आळीपाळीने टाकून पाहिले. तांबडा टाकला की बी रुजतं, गडद तांबडा टाकला की रुजत नाही, आणि कितीही वेळा अदलाबदल करा, शेवटी कुठला टाकला त्यावरच सगळं ठरतं. अगदी दिव्याच्या बटणासारखं.

अंधारात पेशीच्या केंद्रात पिफ नावाची प्रोटीन्स बसलेली असतात, ती सतत "उंच हो, उंच हो" सांगत असतात. सकाळचा उजेड आला की फायटोक्रोम आपली घडी बदलून केंद्रात शिरतो, पिफला जाऊन भिडतो, आणि तिथे कायनेज पिफवर फॉस्फेटच्या खुणा करतात. आपल्याकडे तोडायच्या झाडावर चुन्याची खूण करतात ना, तसंच. खूण झालेलं पिफ पेशीची कचरा यंत्रणा उचलते आणि काही मिनिटांत मोडून टाकते. उंच व्हायचा हुकूम थांबतो, पानं उघडतात, रंग चढतो. या खुणा करणाऱ्यांपैकी एक टोळी २०१७ मध्ये सापडली, त्यांचं नावच उजेडाने चालणारी कायनेज अशा अर्थाचं आहे, पीपीके. हे सगळं त्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात बघितलंय, पण पिफ आणि फायटोक्रोम गहू-तांदळातही आहेत. आणखी एक गोष्ट मला फार वेगळी वाटते, पिफ-३ मोडला जातो तेव्हा त्याला भिडलेला फायटोक्रोमही त्याच्याबरोबर मोडला जातो, म्हणजे निरोप दिला की निरोप्याही संपतो, त्यामुळे उजेडाची बातमी प्रमाणाबाहेर वाढत नाही.

जाऊबाईंना सांगा, दोन्ही घट बरोबर आहेत.

प्रश्न : माझी टोमॅटो-मिरचीची रोपवाटिका आहे. प्रो-ट्रेमधली रोपं कधी कधी बारीक आणि उंच होतात, लावणीला आडवी पडतात, शेतकरी घेत नाहीत. एका विक्रेत्याने जांभळे एलईडी दिवे घ्यायला सांगितलंय, बरेच महाग आहेत. घ्यावेत का?
— रोपवाटिकाधारक, नारायणगाव परिसर

उत्तर : दादा, आधी दिवे घेऊ नका. आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, पेरणीनंतर ट्रे एकावर एक रचून काळ्या पॉलिथिनने झाकता ना, ते उघडायला उशीर होतोय का. वर आजींना लिहिलंय तेच इथे होतं, कोंब वर आला तरी अंधार असला की तो उंच होत राहतो आणि टोमॅटोचा कोंब यात एका रात्रीत हाताबाहेर जातो. कोंब वर दिसायला लागले, म्हणजे अगदी थोडे दिसले तरी, त्याच दिवशी ट्रे पसरा. नंतर कितीही ऊन दिलं तरी लांब झालेला देठ आखूड होत नाही, पुढची वाढ तेवढी सुधारते.

दुसरी गोष्ट दाटी. पान तांबडा उजेड खाऊन टाकतं आणि गडद तांबडा मात्र आरपार सोडतं, नाहीतर बाजूला फेकतं. त्यामुळे शेजारी दुसरं रोप असलं की फायटोक्रोमला गडद तांबड्याचं प्रमाण वाढलेलं कळतं, आणि हे प्रत्यक्ष सावली पडायच्या आधीच कळतं! मग फायटोक्रोम बंद पडतो आणि पिफ मोकळे होतात. यातला पिफ-७ फार महत्त्वाचा, उघड्या उन्हात त्याच्यावर फॉस्फेट असतं आणि तो गप्प असतो, शेजाऱ्याची सावली जाणवली की ते फॉस्फेट उतरतं आणि तो ऑक्झिन बनवणाऱ्या जीन्सना चालू करतो, रोप शेजाऱ्याच्या वर जायला धावतं. सगळीच धावली की सगळीच बारीक. म्हणून खरं पान आल्यावर ट्रे थोडे अंतराने ठेवा, मोठी रोपं वेगळी काढा, आणि जास्त खणांचा ट्रे स्वस्त पडतो म्हणून त्यात रोप जास्त दिवस ठेवू नका.

तिसरी, शेडनेट. काळं नेट सगळेच रंग सारखे कमी करतं, त्याने गडद तांबड्याचा फरक फार पडत नाही, पण एकूण उजेडच कमी, त्यात निळाही कमी, आणि निळा उजेड देठाला आखूड ठेवतो. ढगाळ दिवसांत दाट नेट ओढून ठेवायचं कारण नाही, सकाळी-संध्याकाळी उघडता येत असेल तर उघडा. पाणी आणि नत्र जास्त झालं तरी हाच त्रास वाढतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जांभळे दिवे म्हणजे लाल आणि निळे एकत्र, ते बंद खोलीत, रॅकवर रोपं करणाऱ्यांसाठी कामाचे आहेत. तुमच्याकडे डोक्यावर सूर्य आहे. हे तिन्ही करून एक हंगाम बघा आणि मग पैशाचा विचार करा, मला मनापासून वाटतं की गरज पडणार नाही.

प्रश्न : मग सूर्यफूलही याच फोटोट्रॉपिनमुळे सूर्याकडे वळतं ना?
— निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : सर, मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं आणि मी वर्गात तसंच शिकवलं. कोवळं सूर्यफूल दिवसभर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळतं आणि रात्री परत पूर्वेला येतं, पूर्ण उमललेलं फूल मात्र पूर्वेकडेच तोंड करून थांबतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात २०१६ मध्ये दाखवलं की या वळण्यात देठाच्या दोन बाजू आळीपाळीने वाढतात आणि रोपाचं आतलं घड्याळ त्यात भाग घेतं. पण त्याच गटाने २०२३ मध्ये खोलीतल्या निळ्या दिव्याकडे वाकणारं सूर्यफूल आणि शेतात सूर्यामागे फिरणारं सूर्यफूल यांच्यात कुठले जीन्स जागे होतात ते ताडून पाहिलं, तर दोन्हीकडची यादी जुळेना. खोलीत फोटोट्रॉपिनचा ओळखीचा रस्ता, शेतात मात्र वेगळंच काहीतरी, तिथे एकापेक्षा जास्त उजेड-रस्ते मिळून काम करतात. तेव्हा सूर्यफूल हे फोटोट्रॉपिनचं उदाहरण म्हणून शिकवायचं आता थांबवावं, मी थांबवलं आहे. खिडकीतली मेथी हेच खरं उदाहरण.

प्रश्न : वाकण्यापलीकडे फोटोट्रॉपिनचा उपयोग काय? वाकलं नाही तरी झाड जगतंच की.
— इंजिनिअर, पुणे

उत्तर : जगतं, पण कमी जेवून जगतं. पानावरची बारीक तोंडं, ज्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, ती सकाळी उघडायला निळा उजेड लागतो आणि तो पकडतं फोटोट्रॉपिनच. २०१३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की फोटोट्रॉपिन ब्लस-१ नावाच्या दुसऱ्या कायनेजला फॉस्फेट लावतं, तिथून निरोप पुढे सरकत सरकत प्रोटॉन पंपापर्यंत येतो, हा तोच पंप ज्याच्या शेपटाकडच्या थ्रिओनीनबद्दल वर लिहिलंय. पंप चालू झाला की पोटॅशियम आत येतं, त्यामागून पाणी, तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या पेशी फुगून कमानीसारख्या वाकतात आणि मधली फट उघडते. जपान आणि चीनच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये भातात हा एक पंप वाढवून पाहिला तर शेतातल्या चाचणीत उत्पन्न ३० टक्क्यांहून जास्त वाढलं, मुळांनी खतही जास्त उचललं. भात खाणाऱ्या आपल्यासारख्यांना यात रस वाटायलाच हवा.

आणि दुसरं, पेशीतले हिरवे कण म्हणजे क्लोरोप्लास्ट जागचे हलतात! मंद उजेडात ते पानाच्या पृष्ठभागाशी पसरून बसतात म्हणजे मिळेल तेवढा उजेड घ्यायचा, आणि भर उन्हात ते पेशीच्या उभ्या भिंतींना चिकटून एकमेकांच्या सावलीत उभे राहतात म्हणजे भाजायचं नाही. फोटोट्रॉपिन दोन प्रकारचे असतात, उन्हापासून पळायचं काम मुख्यतः दुसऱ्याचं. तो काढून टाकलेलं रोप कडक उजेडात ठेवलं तर पानं अक्षरशः करपतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. विज्ञान प्रदर्शनात मला हे दाखवायचंय. घरी करता येईल असा प्रयोग सांगा. बाबा म्हणतात मायक्रोस्कोप लागेल.
— विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : बाळा, मायक्रोस्कोप नको, तीन बुटांचे खोके आण. प्रत्येकाच्या एका बाजूला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाड. एक भोक तसंच ठेव, दुसऱ्यावर लाल जिलेटिन पेपर आणि तिसऱ्यावर निळा, पेपर दोन-तीन पदरी लाव आणि कडा काळ्या टेपने बंद कर कारण फटीतून पांढरा उजेड शिरला तर सगळा प्रयोग वाया जाईल. वाटीत ओल्या कापसावर मोहरी पेर, अंधाऱ्या कपाटात रुजू दे, कोंब बोटाच्या एका पेराएवढे झाले की एकेक वाटी खोक्यात ठेव आणि झाकण लाव. भोकं खिडकीकडे. सकाळी ठेवलंस तर संध्याकाळपर्यंत फरक दिसायला लागेल, नुसत्या भोकाकडे आणि निळ्याकडे मोहरी वाकेल, लालकडे वाकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढ.

मग डार्विनची टोपी करून बघ, पण त्यासाठी मोहरी घेऊ नकोस, गहू किंवा ज्वारी घे, कारण टोकाने बघायचं काम गवताच्या कुळात नीट दिसतं, मोहरीत देठाचा वरचा भागही बघतो. कोंबातून पान बाहेर यायच्या आत करायचं, सुईएवढं टोक असतानाच. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा छोटा तुकडा टाचणीवर गुंडाळून नळी कर, वरचं टोक दाबून बंद कर आणि पाच-सहा कोंबांना हळूच घाल, पाच-सहांना घालू नकोस, आणि पाच-सहांना फक्त खाली मधोमध फॉइलचं कडं घाल, हे कडं विसरू नकोस, नाहीतर परीक्षक विचारतील की टोपीच्या वजनाने वाकलं नाही कशावरून. टोपीवाल्यांपैकी एखादा कोंब तरीही वाकला तर घाबरू नकोस, टोपी सैल आहे का ते बघ, खालून उजेड जात असतो बऱ्याचदा, आणि किती वाकले किती नाही ते सगळं खरं खरं वहीत लिही. मला आकडे पाठव, पुढच्या अंकात छापते.